सह्याद्रीतील संवर्धन राखीव क्षेत्रे: २०२० नंतर काय साधले आणि काय राहिले

सह्यवाट

डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील संवर्धन राखीव क्षेत्रांच्या, म्हणजे सरकारी जमिनीवरच्या, अभयारण्याहून कमी बंधने असलेल्या संरक्षित क्षेत्रांच्या, एका मोठ्या गटाला मंजुरी मिळाली. साताऱ्यातील जोर-जांभळी, कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड व चंदगड आणि सिंधुदुर्गातील आंबोली-दोडामार्ग ही ती क्षेत्रे होत. त्याच वर्षी जूनमध्ये तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र याच प्रकारात जाहीर झाले होते. वर्तमानपत्रांनी या निर्णयांची दखल घेतली, पण पुढे चर्चा झाली ती वाघाच्या छायाचित्रांची आणि हत्तींनी केलेल्या नुकसानीची. सरकारी जमिनीच्या संरक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय किती मोठा आहे, याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही. म्हणून हा धागा.

नकाशा समोर ठेवून ही नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचली की त्यांच्या निवडीमागचा विचार लक्षात येतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीच्या दक्षिणेला विशाळगड, मग पन्हाळगड व गगनबावडा, त्याखाली राधानगरी अभयारण्य, मग आजरा-भुदरगड, पुढे एका बाजूला चंदगड व दुसऱ्या बाजूला आंबोली-दोडामार्ग आणि शेवटी तिलारी. तिलारीच्या पलीकडे गोव्यातले म्हादई अभयारण्य आणि कर्नाटकातले भीमगड आहे आणि तेथून काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंत जंगल जाते. म्हणजे चांदोली, राधानगरी आणि म्हादई या सुट्या संरक्षित क्षेत्रांमधली जी मोकळी जागा होती, तिच्यातल्या सरकारी वनाला प्रथमच वन्यजीव कायद्याखाली दर्जा मिळाला. ही नवी क्षेत्रे मिळून साडेआठशे चौरस किलोमीटरांहून अधिक भरतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे सहाशे चौरस किलोमीटरांचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन समजते.

वाघांच्या दृष्टीने या साखळीचे महत्त्व उघड आहे. सह्याद्री प्रकल्पात अनेक वर्षांच्या खंडानंतर २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ आला. उत्तरेकडे येणारे नर दक्षिणेकडच्या जंगलांतून येतात, माद्या मात्र इतका लांबचा प्रवास सहसा करत नाहीत, आणि म्हणूनच २०२५ च्या अखेरीस ताडोब्याच्या जंगलातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आणलेल्या वाघांची पुढची पिढी टिकायची असेल, तर तिला दक्षिणेकडे जायला वाट हवी. ती वाट म्हणजे वर सांगितलेले जंगल. अर्थात केवळ वाघासाठी हे सारे आहे असे मानणे मला पटत नाही. कृष्णा, वारणा, भोगावती, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, तिलारी या सगळ्या नद्यांची उगमक्षेत्रे याच पट्ट्यात आहेत आणि कोल्हापूर, सांगली व उत्तर गोवा यांचे पाणी तेथूनच येते.

आता कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘३६-अ’ हे कलम आले आणि एप्रिल २००३ पासून ते लागू झाले. सरकारच्या मालकीचे कोणतेही क्षेत्र, विशेषतः राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांना लागून असलेले किंवा त्यांना एकमेकांशी जोडणारे क्षेत्र, स्थानिक समुदायांशी विचारविनिमय करून संवर्धन राखीव म्हणून जाहीर करता येते. तरतूद तेव्हाची असली, तरी महाराष्ट्राने ती फार सावकाश वापरली. नाशिकजवळचे बोरगड २००८ मध्ये झाले आणि त्यानंतर कोलामार्का, मुक्ताई-भवानी, ममदापूर, तोरणमाळ, अंजनेरी अशी मोजकी नावे वाढली. तिलारी हे राज्यातले सातवे. एका वर्षात ही संख्या दुपटीहून अधिक झाली आणि घाटमाथ्याचा सलग विचार प्रथमच झाला, हे मला त्या निर्णयाचे खरे वेगळेपण वाटते.

अभयारण्य आणि संवर्धन राखीव यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण गावोगावी याविषयी बरेच गैरसमज आहेत. अभयारण्यात लोकांच्या हक्कांची चौकशी होते, काही हक्क संपादित होतात, प्रवेशावर बंधने येतात. संवर्धन राखीव क्षेत्रात हे काहीही होत नाही. वणवा लावण्यास मनाई, विषारी वा स्फोटक पदार्थ वापरण्यास मनाई, वन्यप्राण्यांच्या सुरक्षेसाठी उपाय योजण्याचा अधिकार अशी अभयारण्याची मोजकीच कलमे येथे लागू होतात. अभयारण्यात गुरांच्या चराईवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार देणारे उपकलम येथे लागूच केलेले नाही. जमीन आधी राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियमाचे नियम अर्थातच चालू राहतात, पण ते पूर्वीही होतेच. पुनर्वसन नाही, संपादन नाही, गावाची हद्दही आत घेतलेली नाही.

‘३६-ब’ या कलमाने व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. क्षेत्र ज्या ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येते, त्या प्रत्येक पंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनाचे काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी, कृषी आणि पशुसंवर्धन विभागांचा प्रत्येकी एक, आणि वन विभागाचा प्रतिनिधी सदस्य-सचिव. समिती मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देते. सल्ल्यापलीकडे तिचे अधिकार जात नाहीत ही मर्यादा आहे, तरीही पंचायतीला कायद्याने जागा देणारी संरक्षित क्षेत्रे आपल्याकडे फार थोडी आहेत.

अशा क्षेत्राची अधिसूचना हाती घेऊन वाचावी असे माझे सर्वांना सांगणे आहे. तिच्यात गाव, वन सर्व्हे नंबर, कक्ष क्रमांक (कक्ष म्हणजे वन विभागाने पाडलेला जंगलाचा तुकडा) आणि हेक्टर असे रकाने असतात, आणि शेवटी चारही दिशांच्या सीमा. कक्ष क्रमांक एकेक करून नकाशावर रंगवत गेले की क्षेत्र अखंड नाही हे लगेच दिसते. एका ओढ्याच्या अलीकडचा कक्ष आत असतो, पलीकडच्या उतारावर मालकी, म्हणजे खाजगी जमिनीचे, गट सुरू होतात, आणि त्यापुढे दोन किलोमीटरांवर पुन्हा पुढचा कक्ष येतो. कलमात ‘सरकारच्या मालकीचे क्षेत्र’ असे शब्द असल्यामुळे याला इलाज नव्हता. जनावराला मात्र सातबारा ठाऊक नसतो. तिलारीच्या परिसरात तर मालकी जंगलाचे प्रमाण इतके मोठे आहे की सरकारी कक्ष हेच मध्ये मध्ये विखुरलेले दिसतात.

त्याच परिसरातले एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे येथे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. भर उन्हाळ्यातही पायाखाली काळा गाळ आणि झिरपणारे पाणी असते, आणि त्या गाळातून झाडांची मुळे गुडघा वाकवल्यासारखी वर येऊन पुन्हा खाली गेलेली दिसतात. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळावी म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. अशी मायरिस्टिका दलदल केरळ व कर्नाटकात तुरळक आढळते, महाराष्ट्रात ती अत्यंत दुर्मीळ आहे. भालांडेश्वराची देवराई म्हणून गावाने ती राखली, म्हणून ती उरली. शासनाने पुढे तिला जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळाचा दर्जा दिला, क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशासाठी २०२१ मध्ये २.११ हेक्टरांचे वारसा स्थळ झाले, तेही असेच देवस्थानाशी जोडलेले. ही ठिकाणे आकाराने लहान आहेत, पण त्यांना पाणी पुरवणारा उतार राखला गेला तरच ती जिवंत राहतील.

आता जे राहिले आहे ते. अधिसूचना निघाल्या, फलक लागले. परंतु दर्जा मिळाल्यानंतर व्यवस्थापन आराखडा तयार होणे, समितीच्या नियमित बैठका होणे, वनरक्षकाच्या नियतक्षेत्राचा आकार आवाक्यात येणे, जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी साफ केलेले पट्टे) वेळेवर निघणे, हे सर्व सावकाश चालले आहे. शिवाय पश्चिम घाटातील परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची केंद्राची अधिसूचना २०१४ पासून मसुद्यातच अडकली आहे. जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा निघाला, त्यात सहा राज्यांचे ५६,८२५ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. मालकी जमिनीवरच्या खाणी व मोठे उद्योग रोखण्याचे काम त्या अधिसूचनेकडे होते. ती अंतिम होत नाही तोवर संवर्धन राखीव क्षेत्रांच्या कडेला काय होईल, ते त्या त्या प्रस्तावावर अवलंबून राहणार.

माझे म्हणणे एवढेच आहे की गेल्या काही वर्षांत सरकारी वनाच्या संरक्षणात झालेली ही प्रगती खरी आहे आणि ती कोणालाही विस्थापित न करता झालेली आहे, म्हणून तिच्या पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे समित्या आणि मालकी जंगल यांच्याकडे, आपण लक्ष वळवायला हवे. या पट्ट्यातल्या सदस्यांनी आपापल्या गावचा अनुभव लिहावा.

माडबन

लेख आवडला. मी दोडामार्ग तालुक्यातला आहे, म्हणून मालकी जंगलाविषयी थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे डोंगर हा बहुतेक खाजगी किंवा सामाईक मालकीचा आहे. एकेका सातबाऱ्यावर पन्नास-साठ नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईला. अशा जमिनीतून वर्षाला हाती येते ते थोडे काजू आणि सुकी लाकडे. मग बाहेरचा गुंतवणूकदार येतो, एकरकमी पैसे देतो, आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत तो डोंगर बोडका होऊन त्यावर रबर किंवा अननस उभा राहतो. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ असे उभे जंगल गेल्यावर ओढे फेब्रुवारीत आटतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बंदी घातली होती आणि मार्च २०२४ मध्ये तर हा पट्टा, त्यातल्या पंचवीस गावांसह, संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याच्या दिशेने मसुदा काढावा असा आदेशही दिला. आदेश स्वागतार्हच आहे. पण गावात बसून विचार केला तर प्रश्न असा पडतो की ज्याने जंगल राखले त्याला बंधन मिळाले आणि ज्याने आधीच तोडून रबर लावला त्याला उत्पन्न मिळाले. या अन्यायाचे उत्तर दिल्याशिवाय गावकऱ्यांना संवर्धनाच्या बाजूने उभे राहा असे सांगणे कठीण आहे.

हत्तींचा उल्लेख तुम्ही ओझरता केला. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून माड, पोफळी आणि केळी यांचे नुकसान आमच्या भागात थांबलेले नाही. वीस वर्षे वाढवलेला माड एका रात्रीत आडवा होतो. पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण माड पुन्हा धरायला लागणारी वर्षे त्या रकमेत धरलेली नसतात.

कोरा कागद

सह्यवाट, माहितीबद्दल आभार. एक शंका आहे. संवर्धन राखीव क्षेत्रावर बंधने इतकी कमी असतील, तर उद्या त्यातून मोठा रस्ता किंवा खाण काढायची ठरली तर ते क्षेत्र अडवू शकेल काय? नसेल तर या दर्जाचा नेमका उपयोग कोणता?

सह्यवाट

कोरा कागद, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. अभयारण्याची सीमा बदलायची असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. तशी अट संवर्धन राखीव क्षेत्राच्या कलमात नाही. या बाबतीत हा दर्जा दुबळा आहे हे मान्य करायलाच हवे.

परंतु दोन आधार आहेत. जमीन राखीव वन असल्याने वन संवर्धन अधिनियम लागू होतो आणि वनेतर वापरासाठी केंद्राची परवानगी लागते. दुसरा आधार त्याच वन्यजीव कायद्याच्या ‘३८-ओ’ कलमात आहे. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे क्षेत्र अयोग्य वापरासाठी वळवता येत नाही. सार्वजनिक हितासाठी वळवायचे झाले तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता व राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. पूर्वी हा भ्रमणमार्ग आहे की नाही यावरच वाद घालावा लागे. आता जोडणारे क्षेत्र म्हणून राज्याने स्वतःच राजपत्रात नाव घातले आहे, त्यामुळे प्रस्तावाची छाननी करणाऱ्याला ते दुर्लक्षून पुढे जाता येत नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या कोल्हापूर व सिंधुदुर्गातल्या आखणीवर जी चर्चा सुरू आहे, तिच्यात हा मुद्दा आग्रहाने मांडला गेला पाहिजे.

माडबन, तुम्ही मांडलेला अन्याय खरा आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहितो.

पळसपान

मी गडचिरोलीकडचा. धाग्यातल्या एका गृहीताकडे लक्ष वेधतो. ‘सरकारी जमीन’ असे म्हटले की तिच्यावर सरकारखेरीज कोणाचा हक्क नाही असे वाटते. वनहक्क अधिनियम २००६ ने हीच समजूत बदलली. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जमीन कागदावर राखीव वनच राहिली, पण तिचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार गावाचा झाला. तेथे ग्रामसभा सल्ला देत नाही, निर्णय घेते.

तुमच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आहे, ग्रामसभेचा नाही. आमच्या अनुभवात हा फरक फार मोठा ठरतो. पंचायत अनेक वाड्या-टोल्यांची मिळून असते आणि ज्या टोल्याचे जंगल आहे त्याचा माणूस तेथे असेलच असे नाही. सह्याद्रीत सामूहिक वनहक्काचे दावे विदर्भाच्या तुलनेने फार थोडे झाले. संवर्धन राखीव क्षेत्राच्या कडेच्या गावांनी, विशेषतः धनगरवाड्यांनी, हे दावे आधी करावेत आणि मग समितीत बसावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. कायद्यात एकाने दुसऱ्याला अडवलेले नाही.

खाडीकाठ

विषय सह्याद्रीचा असला तरी सरकारी जमिनीचेच किनाऱ्यावरचे उदाहरण सांगतो, कारण त्यातून पुढच्या टप्प्याविषयी काही शिकता येते. मुंबई, ठाणे आणि रायगडच्या खाड्यांतले कांदळवन वर्षानुवर्षे महसूल विभागाच्या नोंदीत खाजण किंवा पडीक म्हणून होते. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला आणि भरावाला मनाई केली आणि सरकारी जमिनीवरचे कांदळवन वन म्हणून जाहीर करून वन विभागाच्या ताब्यात द्यावे असा आदेश दिला. २०१८ च्या अंतिम निकालात तो पक्का झाला. दरम्यान जानेवारी २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष हा स्वतंत्र विभाग काढला. २०१५ मध्ये ठाणे खाडीतले सुमारे सतरा चौरस किलोमीटर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे कांदळवन २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होते, २०२१ मध्ये ३२४ झाले आणि २०२३ च्या अहवालात ३१५ दाखवले आहे. वाढीचा काही भाग चांगल्या उपग्रह-प्रतिमांमुळे असणार, आणि शेवटच्या अहवालात थोडी घटही आहे, तरी २०१५ च्या तुलनेत क्षेत्र कमी झालेले दिसत नाही. माझ्या मते यातला निर्णायक भाग स्वतंत्र कक्षाचा आहे. न्यायालयाचा आदेश सात वर्षे होताच. ज्या दिवशी त्याच कामासाठी नेमलेला अधिकारी, त्याचे रक्षक, बोट आणि निधी असे सगळे एका ठिकाणी आले, त्या दिवसापासून भरावाचे गुन्हे वेळेवर नोंदले जाऊ लागले. घाटमाथ्यावरची क्षेत्रे आज कोल्हापूर, सातारा, सावंतवाडी अशा वेगवेगळ्या वन विभागांत विभागलेली आहेत आणि तेथल्या अधिकाऱ्यांकडे इतर शंभर कामे आहेत. त्यांच्यासाठीही एक समाईक कक्ष असावा.

म्हादईतीर

गोव्यातून लिहीत आहे. साखळीचा दक्षिण टोकाचा दुवा आमच्याकडे अजून कच्चा आहे, म्हणून हा प्रतिसाद. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यातल्या गोळावली येथे वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. तिलारी संवर्धन राखीव झाले ते त्यानंतर पाच महिन्यांनी, आणि ही दोन्ही जंगले एकमेकांना लागून आहेत. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

सत्तरीतल्या लोकांची भीती मी जवळून ऐकली आहे. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले, पण आतल्या गावांच्या हक्कांची निश्चिती कित्येक वर्षे रखडली. स्वतःची काजूची बाग कायदेशीर आहे की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो वाघाचे स्वागत करणार नाही. सह्यवाट यांनी सांगितलेला विस्थापनाशिवायचा मार्ग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. अभयारण्याच्या गाभ्याला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याच्या कडेच्या सरकारी जंगलासाठी गोव्यानेही तो वापरून पाहायला हरकत नाही.

देवदार

मी कोलोरॅडोत राहतो. सीमा बदलण्याच्या प्रश्नावर येथला अनुभव उपयोगी पडेल. शेजारच्या युटा राज्यातल्या बेअर्स इअर्स या केंद्रीय मालकीच्या साडेतेरा लाख एकर क्षेत्राला डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी ट्रम्प यांनी त्यातले सुमारे ८५ टक्के क्षेत्र वगळले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडेन यांनी ते परत आत घेतले. जमीन तीच, पण एका सहीने दर्जा गेला आणि एका सहीने आला. १९०६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दर्जा देण्याचा अधिकार दिला, काढून घेण्याविषयी त्यात स्पष्ट तरतूद नाही, आणि सारा वाद त्यावरच उभा आहे. उलट संसदेच्या कायद्याने राखलेल्या वन्य क्षेत्रांना असा धक्का सहजासहजी लागत नाही. महाराष्ट्रातील या क्षेत्रांच्या बाबतीत, सीमा कमी करण्यापूर्वी राष्ट्रीय मंडळाची शिफारस घेण्याची अट कलमातच घालावी, अशी मागणी आताच, म्हणजे कोणताही वाद पेटलेला नसताना, होणे हिताचे आहे.

सह्यवाट

सर्वांचे प्रतिसाद वाचून काही गोष्टी अधिक स्पष्ट झाल्या.

पळसपान, तुमचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारण्याजोगा मानतो. सिंधुदुर्गात तर याला आणखी एक पदर आहे. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली आणि राखलेली जमीन ‘महाराष्ट्र शासन’ या नावावर चढली आणि तिच्या वाटपाचा प्रश्न दीर्घ काळ रेंगाळला. त्या गावच्या माणसाला ‘ही सरकारी जमीन आहे’ हे वाक्य ऐकवले की तो दुखावतो, आणि ते योग्यच आहे. तेथे नवे संरक्षण आणताना या जुन्या प्रश्नाचा निकाल सोबत लागलाच पाहिजे. धनगरवाड्यांनी सामूहिक दावे करावेत हे तुमचे सांगणे चंदगड व भुदरगडकडच्या सदस्यांनी मनावर घ्यावे.

माडबन, मालकी जंगलासाठी कायद्यात एक वाट आहे, तिचा वापर जवळजवळ झालेला नाही. वन्यजीव कायद्याच्या ‘३६-क’ कलमाखाली खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर, मालकांनी स्वेच्छेने पुढाकार घेतल्यास, सामुदायिक राखीव क्षेत्र करता येते. सामाईक सातबाऱ्याच्या जमिनीत सगळ्यांची संमती मिळवणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. पण त्याहून मोठी अडचण ही की राखणाऱ्याला त्या बदल्यात काही मिळत नाही. उभे जंगल दहा किंवा वीस वर्षे न तोडण्याचा करार करणाऱ्या कुटुंबाला दर हेक्टरी ठरावीक वार्षिक मोबदला मिळावा, आणि त्यासाठी वनेतर वापराच्या बदल्यात जमा होणारा भरपाई वनीकरणाचा निधी वापरला जावा, असा माझा आग्रह आहे. आज तो निधी मोकळ्या जागी रोपे लावण्यावर खर्च होतो आणि जवळच उभे असलेले जंगल तोडले जाते. कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखल शेतांत आणि घरांपर्यंत आला, त्या नुकसानीचा खर्च मांडला तर उभा डोंगर राखण्याचा मोबदला त्यापुढे फार मोठा वाटणार नाही.

खाडीकाठ, स्वतंत्र कक्षाची कल्पना मला पटली. माझी एकच पुस्ती: त्या कक्षाचे मुख्यालय शहरात न ठेवता राधानगरी किंवा आंबोलीसारख्या पट्ट्याच्या मध्यावर असावे.

माडबन

मोबदल्याची सूचना आमच्याकडे कोणीही नाकारणार नाही. वार्षिक रक्कम काजूच्या उत्पन्नाइतकी नसली तरी चालेल, पण ती वेळेवर आणि सर्व हिस्सेदारांच्या खात्यांवर वाटून यावी. एकाच्या नावावर आली की भाऊबंदकी सुरू होते.

समितीविषयी व्यावहारिक मुद्दा असा आहे की पंचायतीने प्रतिनिधी ठरवून पाठवला नाही, तर सरपंच पदसिद्ध समजले जातात आणि बैठकीचे पत्र त्यांच्या नावाने येऊन तेथेच राहते. येत्या ग्रामसभेत आमच्या वाडीतर्फे ठराव मांडणार आहे: प्रतिनिधीची निवड ग्रामसभेत व्हावी, बैठकीचे इतिवृत्त पंचायतीच्या फलकावर लावावे, आणि वणव्याच्या हंगामापूर्वी जाळरेषांचे काम गावातल्याच तरुणांना मिळावे. पळसपान, तुमच्याकडच्या ग्रामसभांच्या ठरावाचा नमुना असल्यास येथे मजकूर द्यावा, म्हणजे भाषा बिनचूक राहील.

पळसपान

अवश्य देतो. ठरावात कलमाचा क्रमांक, क्षेत्राचे नाव अधिसूचनेत जसे आहे तसेच, आणि तुमच्या गावचे कक्ष क्रमांक लिहायला विसरू नका. कोरम पूर्ण असल्याची नोंद आणि उपस्थितांच्या सह्या त्याच पानावर घ्या, आणि एक प्रत उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा ठराव याच सभेत, पण वेगळ्या क्रमांकाने घ्यावा. दोन्ही एकत्र लिहिले तर दावा वन विभागाच्या टेबलावर जातो, आणि त्याची खरी जागा उपविभागीय स्तरावरची समिती आहे.